गालातली गोळी

“बँडमास्तर जिथं कुठं असतील तिथून त्यांनी ताबडतोब नवरदेवाच्या घोड्यापाशी यावं,” अशी घोषणा माइकवरून झाली, तेव्हा मी कडब्याच्या गंजीमागं उभा होतो. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत ट्रंपेट आणि निम्मं काम अजून बाकी.

घोषणा पुन्हा झाली. या वेळी माइकवाल्यानं पदरची भर घातली. “मास्तर, आवरा की. घोडं खोळंबलंय!” सगळी मिरवणूक हसली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी गंजीमागून बाहेर आलो तेव्हा रांगेत दुसरा ट्रंपेट वाजवणारा माझा पुतण्या भिकू मान खाली घालून उभा होता. क्लॅरनेटवाला इमाम माझा लहानपणापासूनचा मित्र, त्याला मान खाली घालायची सवय नव्हती.

“कितवी बारी ही?” त्यानं विचारलं.

“तिसरी.”

“सर्जा, मानूस हैस का गळकी मोट?”

मी ट्रंपेट तोंडाला लावला. आमच्या सांगलीकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्यापुढं बँड असतो. घोडं चाललं की बँड वाजला पाहिजे, आणि देवळापाशी नवरदेव उतरून नारळ फोडीपर्यंत मास्तरनं एका दमात लांब सूर धरला पाहिजे, हा आमच्या वायदंडे बँडचा शिरस्ता. माझ्या आज्ज्यानं पाडलेला. नवरदेवाचे मित्र मुद्दाम रेंगाळायचे, रिकिबीत पाय अडकल्याचं सोंग करायचे, का तर मास्तरचा दम बघायला. त्यांची सोंगं संपायची, माझा दम संपायचा नाही. सव्वीस वर्षांत रांग सोडून मी एकदाही बाहेर पडलो नव्हतो, आणि त्या दिवशी तीनदा पडलो. कारण होतं एक पांढरी गोळी, मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडीशी मोठी.

ती गोळी माझ्या मागं लागली तीही वाजवायच्या नादात. गावच्या शाळेत रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं. उद्‌घाटनाला बँड आमचा. वाजवून झालं, पाहुण्यांनी फीत कापली, आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शेटेबाई म्हणाल्या, “मास्तर, सुरुवात तुमच्यापासूनच करू. कोट काढा.”

“मला काय धाड भरलीय?” मी हसून हात पुढं केला.

त्यांनी पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला. मग मला दहा मिनिटं गप्प बसवून पुन्हा बघितला. मग दुसऱ्या हाताला बघितला.

“वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा.”

“चांगलं हाय का?”

“वाईट आहे.”

“पर बाई, मला काय सुदीक होत न्हाई. डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. तीन-तीन तास फुंकतो मी.”

“काही होत नाही हाच तर या दुखण्याचा लबाडपणा,” त्या म्हणाल्या. “हे आवाज करत नाही, मास्तर. आत मेंदू, काळीज, मूत्रपिंड, सगळं झिजवत बसतं. ज्या दिवशी आवाज येतो त्या दिवशी उशीर झालेला असतो.”

त्यांनी पुढच्या आठवड्यात दोनदा दवाखान्यात बोलावून मोजलं. आकडा काही हलला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी बायकोलाही आणायला सांगितलं होतं. हौसाला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. तंबाखू बंद. लग्नातल्या पंगतीतलं लोणचं, पापड, खारवलेली मिरची बंद. गोळी रोज सकाळी, आणि बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. “ही गोळी अंगातलं जास्तीचं पाणी काढते. सुरुवातीला लघवी जास्त होईल,” हेही त्या म्हणाल्या. मग हौसाकडं वळल्या. “मावशी, एक नीट लक्षात ठेवा. कधी यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात गळाला, बोलणं जड झालं, तर पाणी पाजत बसायचं नाही. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. जमलं नाही तर असाल तशा निघून यायचं.”

हौसानं मान डोलावली. तिला अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. देणंघेणं असो, नाहीतर भांडण असो.

“काही शंका?” बाईंनी मला विचारलं.

“न्हाई,” मी म्हणालो.

पुढच्याच लग्नात कडब्याची गंजी झाली. चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या परण्यात तसंच झालं. तिथं तर गंजीसुद्धा नव्हती, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं उभं राहिलो. गावात पोरं मला बघून म्हणायला लागली, “मास्तर, घोडं खोळंबलंय!” लग्नसराईचे दिवस. तालुक्यात आमच्याखेरीज तीन बँड. मास्तर मध्येच पळतो अशी आवई उठली की सुपाऱ्या दुसरीकडं जायला वेळ लागत नाही. पण खरं सांगतो, सुपारीपेक्षा मला हसण्याचं जास्त लागलं. माणसं माझ्या दमाचं कौतुक करत आली होती. ती आता माझ्या मुताचं कौतुक करायला लागली.

तेव्हा मी ठरवलं, सराई संपेपर्यंत गोळी बंद.

हौसाला मात्र काही सांगितलं नाही. ती रोज सकाळी गोळी आणि तांब्या घेऊन पुढं उभी राहायची. मी गोळी तोंडात टाकायचो, घोट घ्यायचो, वर चार शब्द बोलायचोसुद्धा. जिभेच्या एका फटकाऱ्यानं गोळी गालात, आणि वरून घोटभर पाणी घशाखाली. ज्यानं जन्मभर गाल, ओठ आणि जीभ यांच्यावर पोट भरलं, त्याला एवढं कठीण नव्हे. मग मी परसात जाऊन कढीपत्त्याच्या बुडात गोळी थुंकायचो. दीड महिना हा खेळ चालला. आणि मला काही म्हणजे काही झालं नाही. उलट वाटायचं, डॉक्टरांचं यंत्रच खोटं असेल.

हौसाला फसवताना मनाला लागत नव्हतं असं नाही. पण तिच्यावर माझा एक जुना राग होता, तो अशा वेळी कामाला यायचा. तिच्या माहेरी वाद्य म्हणजे देवळातली घंटा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती माझ्या ट्रंपेटला पिपाणी म्हणायची. आम्ही अंगणात तालमीला बसलो की ती दार लावून घ्यायची. गावात परण्या असला की सगळ्या बाया रस्त्यावर, आणि मास्तरची बायको घरात. सव्वीस वर्षांत तिनं एकदाही ‘आज छान वाजलं’ असं म्हटलं नाही. जिला माझं वाजवणंच नको, तिला गोळीचं खरंखोटं कशाला सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मे महिन्याच्या शेवटी आमच्याच गावात धनाजी खराड्याचं लग्न होतं. दुपारी बाराचा परण्या. ऊन असं की ट्रंपेटला हात लावला तर चटका बसावा. मी गंजी, ट्रॉली काही न शोधता अडीच तास वाजवलं, आणि मनात म्हणालो, बघा लेको, घोडं कुणाचं खोळंबतंय ते.

देवळापाशी पोचलो. धनाजीच्या मित्रांनी रिवाजाप्रमाणे सोंग सुरू केलं. एकानं रिकीब धरून ठेवली, एकानं नारळ लपवला. मी छाती भरून लांब सूर धरला. आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा सुटायला लागली.

ओठ दमला असेल, मला वाटलं. मी जोर वाढवला. जितका जोर वाढवावा तितकी हवा जास्त गळायची. सूर होता, तुटला नाही, पण पातळ झाला. लोकांना कळलं नाही. भिकूला कळलं नाही. इमाम दोन हातांवर उभा होता, बेचाळीस वर्षांचा दोस्त, त्यालाही कळलं नाही. उजव्या हाताची बोटं पिस्टनवर होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाटत होती. नारळ फुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रंपेट खाली घेतला आणि इमामला सांगायला गेलो की ओठ गेला बघ. तोंडातून निघालं ते मलाच समजलं नाही.

“भर दुपारची घेतलीस का काय?” इमाम हसला.

तेवढ्यात गर्दी फाटली. हौसा धावत येत होती. पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. जी बाई सव्वीस वर्षांत बँडच्या आसपास फिरकली नाही, ती घोड्याच्या पोटाखालून वाकून माझ्यापुढं आली आणि पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरली.

“हसा.”

मी बघत राहिलो.

“आवं, हसा म्हंते मी!”

माणसांना वाटलं बाईला वेड लागलं. मी हसायला गेलो. इमामचं तोंड बघून मला कळलं की मी निम्माच हसलो.

“दोनी हात वर करा.” डावा वर गेला. उजवा थोडा उठला आणि खाली पडला, त्याबरोबर ट्रंपेटही. दगडावर आपटल्याचा आवाज झाला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “इमामभावजी, गाडी बगा! आत्ताच्या आत्ता!”

धनाजीचे चुलते पुढं झाले. “वैनी, उनानं झालं आसंल. कांदा फोडून नाकाला लावू. सावलीत निजवा, पानी पाजा.”

“पानी न्हाई आन् कांदाबी न्हाई,” हौसा म्हणाली. “डाक्टरीनबाईनं सांगितलंय. बाजूला व्हा.”

गावात त्या वेळी दारात उभी असलेली गाडी एकच होती. नवरानवरीसाठी फुलांनी सजवलेली. धनाजी मुंडावळ्या सावरत म्हणाला, “माझी घ्या.”

“आरं, ती नवरीची!” चुलते ओरडले.

“नवरी घोड्यावर बसंल, काका. किल्ली द्या.”

असा मी माझ्या आयुष्यात एकदाच सजवलेल्या गाडीतून मिरवलो. रस्त्यावरची माणसं नवरी बघायला खिडकीत डोकावत होती, आणि त्यांना दिसत होता लाल कोटातला बँडमास्तर, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. तिचा पिठाचा हात माझ्या कपाळावर होता.

दवाखान्यात प्रेशर दोनशे दहा भरलं. मेंदूचा फोटो काढला. तासाभरात जीभ सुटली, बोटांत जीव आला, तोंड सरळ झालं. संध्याकाळी शेटेबाई फोटो घेऊन आल्या.

“शीर फुटलेली नाही. गुठळी अडकली आणि सुटली. हा इशारा होता, मास्तर. पुढच्या वेळी इशारा मिळेलच असं नाही.” मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, “गोळी रोज घेत होता?”

“रोज,” हौसाच बोलली. “माझ्या डोळ्यांदेखत. एक दीस चुकवला न्हाई.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “रोज घेऊन दोनशे दहा? मग ती गोळी तुम्हाला लागूच पडत नाही. आता जोरदार औषधं द्यावी लागतील, तीन प्रकारची. मूत्रपिंडाच्या तपासण्याही करू.” त्या लिहायला लागल्या.

मी हौसाकडं बघितलं. ती ताठ बसली होती. आपण आपलं काम चोख केलं याची खात्री असलेलं माणूस बसतं तशी. आणि तरीही नवऱ्याला असं का झालं, हे न कळून घाबरलेली. बाईंचं पेन कागदावर चाललं होतं. माझ्या एका खोट्यावर त्या पुढचं सगळं रचत होत्या. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. पण ती तीन जोरदार औषधं माझ्याच पोटात जाणार होती.

“बाई, लिवू नका,” मी म्हणालो. “मी गोळी घेत न्हवतो.”

हौसा माझ्याकडं वळली. “म्हंजी?”

“गालात धरत हुतो. मागनं थुकत हुतो.”

“सगळ्या?”

“दीड महिन्याच्या सगळ्या. कढीपत्त्याच्या बुडात.”

ती उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी बाईंना कडब्याची गंजी सांगितली, ट्रॉली सांगितली, माइकवरची घोषणा सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“एवढंच होतं? अहो, असं न होणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. बदलून दिली असती. दोन मिनिटांचं काम होतं.”

“तुमास्नी कसं सांगायचं? तुमी बाईमानूस. माझ्या लेकीच्या वयाच्या.”

“मास्तर, मी रोज चाळीस माणसांना लघवीच्या तपासणीला पाठवते,” त्या म्हणाल्या. “मला कसली लाज?” मग पेन पुन्हा उचलत म्हणाल्या, “चूक माझीही आहे. तुम्ही ट्रंपेट वाजवता हे मला माहीत होतं. ते काम तीन तास उभ्यानं, जागा न सोडता चालतं, हे मी विचारलं नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?”

त्यांनी कागद फाडला आणि नवा लिहिला. दोन महिने ट्रंपेटला हात लावायचा नाही, प्रेशर ताब्यात आलं की मग बघू, असं बजावून त्या गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. हौसाच्या हातावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मला तिच्या रागाची भीती होती, पण त्याहून एक प्रश्न दुपारपासून डोक्यात घोळत होता.

“तुला घरी सांगाय कोन आलं हुतं?”

“कोन न्हाई.”

“मग तू आलीस कशी?”

“ऐकलं.” ती अजून पाठमोरीच होती. “भाकरी थापत हुते. तुमचा लांब सूर लागला. त्याला कडंनं वारा सुटत हुता. तुमच्या सुराला कवा वारा सुटत न्हाई. मला डाक्टरीनबाईचं बोलनं आठवलं, तोंड वाकडं हुतंय म्हनून. तशीच निगाले.”

देवळापासून आमचं घर पाचशे पावलं. मधे दोन गल्ल्या, एक गिरणी.

“तू तर दार लावून बसतीस,” मी म्हणालो. “पिपाणी म्हंतीस.”

आता ती वळली. डोळे लाल झाले होते. “दार लावलं म्हंजी कान लावून घेतलं व्हय? लांब सूर लागला की मी तवा खाली उतरून ठेवते. सूर सुटला की मग भाकरी टाकते. त्या टायमाला माझं ध्यान ऱ्हात न्हाई, भाकरी करपती. सव्वीस वरसं असंच चाललंय.”

“मग कवा बोलली का न्हाईस?”

“बोलले आसते तर तुमी आनि फुगला आसता. आदीच काय कमी फुगलायसा?”

मला रडू आलं. इतक्या माणसांनी इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, आणि सूर पातळ झाला तेव्हा त्यातल्या एकाला कळलं नाही. तो कळला बंद दारामागं तवा उतरवून बसलेल्या बाईला. आणि तिच्याच हातची गोळी मी दीड महिना थुंकत आलो होतो. मी तिचे हात धरून हे सगळं तिला सांगितलं, जसं जमेल तसं.

“रडू नका, परत परेशर चडंल,” ती म्हणाली. “आन् उद्यापास्नं गोळी कशी गिळतासा ती मी बघते.”

दोन महिने भिकूनं बँड सांभाळला. मी नुसती काठी घेऊन पुढं चालायचो, पंगतीत पापड बाजूला सारायचो, आणि आकडा हळूहळू उतरत गेला. एकशे साठ, एकशे पन्नास, मग एकशे तीसवर येऊन बसला. बाईंनी ज्या दिवशी वाजवायची परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हौसा गोळी, तांब्या आणि ठोकून सरळ केलेला ट्रंपेट घेऊन उभी राहिली. मी गोळी टाकली, पाणी प्यालो. तिनं ट्रंपेट माझ्या हातात दिला.

“लावा सूर.”

“आता? कशाला?”

“गालात गोळी ठिवून तुमचा सूर कसा लागतोय, बगू तरी.”

मी हसलो, मग सूर लावला, कारण दुसरा इलाज नव्हता. नवी गोळी पोटात होती. सूर स्वच्छ लागला.

याला आता अठरा वर्षं झाली. मी एकाहत्तरचा आहे. बँड भिकूच्या हाती आहे, माझ्याकडं राहिला आहे तो फक्त सकाळी सातचा एक सूर. आमच्या आळीतली रक्तदाबाची माणसं घड्याळ बघत नाहीत. सूर ऐकला की गोळी घेतात. इमाम घेतो, गिरणीवाला घेतो, आणि ज्याच्या गाडीतून मी मिरवलो तो धनाजीही गेल्या वर्षापासून घेतो.

परवा सूर लावून मी ट्रंपेट खाली ठेवतोय, तोच बंद दारामागून आवाज आला, “आज पातळ लागला. गिळलीय न्हवं?”

गिळली होती. तरी मी पुन्हा वाजवला.